सम्मेदचा नियम

दुधगाव
२२ जून १९९७

वहिनी,

माझी आधीची पत्रं तुमच्या भावानं न उघडता परत पाठवली. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असणार. म्हणून या वेळी पत्ता चंदनाच्या नावानं घातला आहे. दोन वर्षांच्या पोरीचं टपाल म्हसवडात तरी कुणी परत पाठवणार नाही.

परत या, असं म्हणायला लिहीत नाही. ते आण्णानं, नवऱ्यानं म्हणायचं, आणि तुम्ही आण्णाला ओळखता. तुमचा सम्मेद वर्गात बसायला लागला, एवढंच कळवायचं आहे.

जायच्या दिवशी तुम्ही न्हाणीच्या दारात माझा हात धरून म्हणाला होता, "वन्सं, मला माझ्याच पोराची भीती वाटती. हे मी कुणाला सांगू?" त्याआधी सम्मेद चंदनाला सायकलवर घालून वारणेच्या घाटावर घेऊन गेला, पतंगामागं धावला आणि तिला तिथंच विसरून घरी आला. धुणं धुणाऱ्या बायकांनी तिला पायरीवरून उचललं म्हणून बरं. त्यानंतर तुम्ही तिला घेऊन माहेरी गेलात, यात तुमचं चुकलं असं मी कुणापाशी म्हटलेलं नाही. पण तो दुष्टपणानं विसरला नव्हता, वहिनी. खरोखरच विसरला होता. हे मला तेव्हाही वाटत होतं, आता पटवून देता येतं.

कॉलेजातल्या बाईंनी मला सांगलीत विश्रामबागेतल्या एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. त्या फक्त मुलांच्या मनाचे आजार बघतात. मी त्याला घेऊन गेले. त्यांनी बोलता बोलता टेबलावरची घंटा, पेपरवेट, पंख्याचं बटण सगळं त्याच्या हाताला लागू दिलं आणि नुसतं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा मुलगा वाईट नाही आणि हट्टीही नाही. याच्या डोक्यातला आवर घालणारा भाग झोपाळू आहे. मारून तो जागा होत नाही." या आजाराला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मी ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आणि तो आजार आपल्याच सोप्यात उड्या मारत होता.

पुण्याहून मागवलेली गोळी सुरू केली आहे. एक सकाळी, एक शाळेतल्या मधल्या सुट्टीत. पहिल्या आठवड्यात काही नाही. परवा मी बालवाडी सुटून घरी चालले होते, तर गुरुजी शाळेच्या दारात आडवे आले. म्हणाले, "ब्राह्मीताई, पोरगं बदलून आणलंसा काय? आज त्यानं अख्खा धडा उतरवून काढला. मी आपलं दोनदा बघितलं, ह्यो भूपालचाच हाय न्हवं?"

घरी सम्मेद मला म्हणाला, "आत्या, मी आज बाकावरनं उठलोच न्हाई. उठावं वाटलंच न्हाई!" त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

आण्णाला गोळीचं सांगितलं आहे. आक्काला मात्र नातवाला ताकदीची गोळी आणली म्हणून सांगितलं आहे. तसं ते अगदीच खोटं नाही.

ब्राह्मी


दुधगाव
२७ जुलै १९९७

वहिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुम्हाला मिळालं असं धरून पुढचं लिहिते.

डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेले. मोठ्या तोऱ्यात गेले होते. वर्गात बसतो, अक्षर रेघेवर येतं, शिक्षकांचा मार बंद झाला, असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. आता हे सांगा, आंघोळ स्वतःची स्वतः करतो? शर्टाची बटणं नीट लावतो? डबा घरी परत आणतो? खेळायला त्याला कुणी बोलवायला येतं?"

वहिनी, यातलं एकही होत नव्हतं आणि त्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गोळीनं लक्षणं कमी होतात. लक्षणं कमी झाली म्हणजे मुलाचा दिवस नीट गेला असं नाही. गोळी त्याला जागेवर बसवते. बसल्यावर काय करायचं, ते तुम्ही शिकवायचं. एकच काम निवडा, रोजचं, आणि त्याच्या मागं लागा."

मी पाणी गाळायचं काम निवडलं.

आपल्या घरात गाळल्याशिवाय थेंबही पोटात जात नाही, म्हणजे काम रोजचं. त्यात पायऱ्याही पुष्कळ. गाळणं विसळायचं, दुहेरी करायचं, घागरीच्या तोंडावर टाकून मध्ये खळगा करायचा, पाणी हळू ओतायचं. शेवटी गाळणं उलटं धरून ज्या आडाचं पाणी त्याच आडात ते विसळायचं, म्हणजे कापडात अडकलेले जीव जिथले तिथं परत जातात. पहिले कितीतरी दिवस अंगणात पूर. आक्का ओरडायची, "बी.ए. बाई, शिकवा शिकवा! पोराला पानी गाळायला शिकवा आनि आमाला पवायला!" मी मागं हटले नाही. एकेक पायरी त्याच्याकडून म्हणून घेतली. आता तो एकटा करतो. शेवटची पायरी त्याला सगळ्यात आवडते. आडावर वाकून गाळणं झटकतो आणि खाली बघून सांगतो, "जावा आता घरी."

डबाही परत यायला लागला. पहिल्या दिवशी मला केवढा आनंद झाला! मग उघडून पाहिलं, तर भाकरी-भाजी जशीच्या तशी. भूक मेली आहे त्याची. डॉक्टरबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "या गोळीनं दिवसा भूक लागत नाही. असर उतरला की लागेल. दिवेलागणीनंतर लागेल तेव्हा पोटभर जेवू घाला, काळजी नाही."

मी हो म्हटलं. आमच्या घरी दिवस बुडाला की चूल विझते, आम्ही रात्रीचं जेवत नाही, हे ओठावर आलं होतं. पण बाहेर बाकावर शहरातल्या बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. शिकलेली मुलगी येऊन हे असलं कारण सांगते, असं वाटायला नको, म्हणून राहिलं. त्यात एवढं काही नाही. मी अंधार पडल्यावर त्याला गोठ्यात नेऊन केळं आणि शेंगदाण्याचा लाडू देते. आक्काच्या गुडघ्यांना गोठ्याची पायरी उतरवत नाही.

चंदना आता बोलते का? सम्मेद एकदा मला विचारत होता, ती 'दादा' म्हणते का.

ब्राह्मी


दुधगाव
१९ सप्टेंबर १९९७

वहिनी,

सोबत फोटो आहे. आधी तो पाहा, मग पत्र वाचा.

ओळखलंत? आण्णाच्या खांद्यावर बसलाय तो. गळ्यात हार, हातात श्रीफळ. मागं आपल्या जिनमंदिराचं, बस्तीचं दार दिसतंय. आण्णा हसतोय, हेही बघून घ्या. असा हसताना त्याचा फोटो तुमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होता.

दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस सम्मेद आक्काबरोबर बस्तीत गेला. गेल्या वर्षी याच दिवसांत त्यानं अभिषेकाचा कलश कलंडवला होता आणि तुम्ही पदरानं फरशी पुसत होता. या वर्षी मांडी घालून प्रवचन ऐकत बसला. आणि अनंत चतुर्दशीला सकाळी म्हणाला, मी उपास करणार. आक्का म्हणाली, "तुला कुठला जमतोय बाबा? दुपारी चिंचा पाडत बसशील." पण दिवसभर त्यानं नुसतं पाणी घेतलं, तेही स्वतः गाळलेलं. एवढी लहान मुलं उपास धरतात आणि दुपारी कोमेजतात. हा कोमेजला नाही. मला त्याचं कारण ठाऊक होतं, त्या पाण्याबरोबर गोळ्या मीच दिल्या होत्या. पण सगळे त्याच्या तोंडावरून हात फिरवत होते आणि तो नुसता फुलून गेला होता. त्या वेळी ते कारण कोण सांगत बसणार?

दुसऱ्या दिवशी पारण्याआधी उपास करणाऱ्यांचा सत्कार झाला. पंडितजींनी त्याला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, एखादा नियम घेणार का? लहानसाच घे, झेपेल असा." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. सगळी बस्ती त्याच्याकडे बघत होती, वहिनी, आणि या वेळी कुणाच्याही कपाळाला आठी नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "पुढच्या दशलक्षणापतूर मी दिवस बुडाल्यावर खाणार न्हाई."

टाळ्या पडल्या. आण्णानं त्याला तिथून उचलला तो घरापर्यंत खाली ठेवला नाही. वाटेत नाथाजीकाका म्हणाले, "भूपाल, तुझ्या पोरानं गावाचं नाव काढलं गड्या." आण्णा नुसता "व्हय, व्हय" करत होता.

संध्याकाळी आण्णा आपणहून मला म्हणाला, "भाऊबीज झाली की म्हसवडला जाऊन येतो. तिला लिव्ह तसं." म्हणून लिहिते आहे. येईल तेव्हा दार उघडा. तो माफी मागणार नाही, पण चपला काढून बराच वेळ उभा राहील. ती माफीच समजा.

गोठ्यातल्या केळ्यांचं काय करायचं, ते मी बघते.

ब्राह्मी


दुधगाव
१४ ऑक्टोबर १९९७

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. "फोटो पोचला. तो वाळल्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर बघू." एवढंच लिहिलंत, पण मी ते आण्णाला वाचून दाखवलं. त्यानं माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं.

तुमचं बरोबर आहे. वाळलाय तो. फोटोत हार होता म्हणून मला दिसलं नसावं.

तो आता गोठ्यात येत नाही. मी केळं पुढं केलं तर हात मागं घेतो. "आत्या, माझा नियम हाय." मी म्हटलं, लहान मुलांना चालतं. तर म्हणाला, "मग पंडितजींनी टाळ्या का वाजवल्या?" परवा अंधार पडल्यावर आडाच्या कठड्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. त्याचं पोट वाजत होतं, मला ऐकू येत होतं. म्हणाला, "ते बोलतंय. मी त्याला सांगितलं, सकाळी ये म्हणून." आणि हसला. सकाळी बस्तीत दर्शन झाल्याशिवाय आक्का त्याला काही देत नाही, आल्यावर शाळेची गडबड, गोळी, आणि मग पोट गप्प. ते दिवस बुडाल्यावर पुन्हा बोलायला लागतं. दिवसही आता लवकर बुडतो.

मी वाकडी वाट करून पंडितजींना भेटले. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मी त्याला झेपेल असं म्हटलं होतं, ताई. आजारी मुलाला नियमातून मोकळं करता येतं. घरच्यांनी येऊन सांगावं." पण घरच्यांनी काय सांगायचं? तो आजारी आहे असं? आक्का तर बाजाराला गेली तरी नातवाचा उपास सांगते. आणि आण्णाच्या तोंडाकडे बघून माझी छाती झाली नाही.

काल डॉक्टरबाईंनी त्याला काट्यावर उभा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "रात्री जेवतो ना?" मग सांगितलं मी सगळं. त्यांनी कागदावर वजन लिहिलं. मग म्हणाल्या, "हे मला जुलैत सांगितलं असतंत, तर मी वेळा बदलल्या असत्या. दुसरं काही बघितलं असतं. मला तुमच्या घरातलं कसं कळणार?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वजन भरेपर्यंत गोळी बंद. डिसेंबरनंतर पुन्हा बघू, म्हणाल्या.

मला वाटलं होतं, शिकले म्हणजे घरचं बाहेर आणि बाहेरचं घरात नीट पोचवता येईल. दोन्हीकडे मी मान डोलावत राहिले.

इतक्या दिवसांत लागलेली सवय राहील थोडीफार. राहायला हवी. पाणी अजून गाळतो.

ब्राह्मी


दुधगाव
६ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

आण्णा आला नाही म्हणून तुम्ही वाट पाहिली असेल की सुटलो म्हणाला असाल, मला ठाऊक नाही. झालं ते सांगते.

गोळी बंद झाल्यावर आठवडाभरात तो पहिल्यासारखा झाला. भूकही आली. ती अशी आली की बघवत नव्हती. दिवाळीतल्या निर्वाण लाडवाच्या आदल्या संध्याकाळी आक्कानं पहाटे बस्तीत चढवायचे लाडू करून डब्यात ठेवले. दिवे लागले, सगळी ओसरीवर बसली. आक्का डब्याला फुलं लावायला आत गेली, तर हा डबा मांडीत घेऊन बसलेला. दोन्ही गाल भरलेले.

आक्का किंचाळली नाही. ती म्हणाली, "आरं, नियम हुता की रं तुझा." तिच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी, तशी म्हणाली.

आण्णानं त्याला मारलं नाही. मागं मारायचा तसं मारलं असतं, तर मी मध्ये पडले असते. तो दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन स्वतः उपासाला बसला, पोराच्या वाटचं प्रायश्चित्त म्हणून. संध्याकाळी मला म्हणाला, "तवा जमत हुतं का न्हाई त्याला? अख्खा दिवस जमला. मग आता का जमंना? पूर्वी त्याला कळत नव्हतं म्हनून सोडून देत हुतो. आता कळतंय आनि करतोय."

वहिनी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पूर्वी तो नुसता वांड होता. मध्ये चांगला वागून दाखवल्यामुळे आता तो पापी ठरला. त्याला त्यातून सोडवायचं म्हणून मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. तेव्हा बसत होता तो गोळीमुळे. भूक लागत नव्हती तीही गोळीमुळे. आता गोळी नाही, त्यात त्याचा काही दोष नाही.

आक्का म्हणाली, "म्हंजे माझ्या नातवाचा उपास गोळीनं केला व्हय? आनि ताकदीची गोळी म्हनून मला फशीवलंस? मी सांगतो तुला ब्राह्मी, तुझ्या शिक्षणानं ह्या घरातलं एक बी माणूस जेवलं न्हाई, एक उपाशी ऱ्हायलं तेवढं."

ते मी ऐकून घेतलं. पण सम्मेद दाराच्या फळीला धरून उभा होता. मला तो दिसला नव्हता. आत आला आणि म्हणाला, "आत्या, मग उपास मी न्हाई केला?"

मी म्हटलं, तूच केलास रे.

"आनि लाडू?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? चांगलं केलं ते गोळीनं आणि वाईट केलं ते तू, असं मीच सगळ्यांसमोर सांगून बसले होते. तो वाट बघत उभा राहिला. मग आडाकडे गेला.

तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. बाकी सगळ्यांशी भांडतो, माझ्याशी भांडतही नाही.

ब्राह्मी


दुधगाव
२३ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

आता परत या म्हणून लिहीत नाही. त्याला घेऊन जा, म्हणून लिहिते आहे.

आण्णानं कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गुरुकुलात त्याचं नाव घातलं आहे. शिस्त लागेल, म्हणतो. तिथं पन्नासेक मुलं एका खोलीत झोपतात. गोळीचं नाव काढायचं नाही, असं मला बजावलं आहे. डॉक्टरबाईंना भेट म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या डॉक्टरनीनं पोराचं नाव घालवलं." तो दगड नाही, वहिनी. रोज संध्याकाळी फोटोसाठी मोकळ्या ठेवलेल्या कोनाड्यात हात फिरवतो आणि फोटो तुमच्याकडे आहे हे आठवून हात काढून घेतो. पण ज्या पोराला त्यानं खांद्यावर घेतलं, ते पोर त्याला परत हवं आहे आणि समोर आहे ते दुसरंच वाटतं.

तुम्हाला भीती वाटते, हे विसरून मी मागत नाही. चंदनाजवळ त्याला एकटं सोडू नका. पण तुमच्या घरी अंधार पडल्यावर भाऊ जेवतात, हे तुम्हीच हसत सांगायचा. म्हसवडात त्याच्या उपासाचं कुणाला माहीत नाही आणि लाडवाचंही. मी बालवाडी सोडून त्याच्याबरोबर येईन. तुमच्या गल्लीत एखादी खोली बघा. मी महिन्याला सांगलीला नेऊन आणीन, नवीन वेळा लावून घेईन. तुम्ही फक्त संध्याकाळी त्याला वाढा.

आण्णाला मी विचारलं आहे. तो म्हणाला, "आई न्हेत असंल तर मी कोन अडवनार?" एवढं तरी त्याच्याकडून मिळवलं आहे. आता तुमच्या 'हो'वर आहे. पाच डिसेंबरला त्याला पोचवायचं ठरलंय. त्याआधी लिहा, नुसतं 'आणा' एवढं लिहिलं तरी पुरे.

ब्राह्मी


दुधगाव
७ डिसेंबर १९९७

वहिनी,

तुमचं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. "सिद्धनाथाच्या रथाची यात्रा आहे, घर पाहुण्यांनी भरलं आहे. भाऊ नको म्हणतो. माझाही धीर होत नाही. फोटो मी माझ्याजवळ ठेवते."

मी ते कुणाला वाचून दाखवलं नाही. यात्रेमुळं पत्र आलं नसेल, असं आण्णाला सांगितलं. तो म्हणाला, "आसंल."

निघायच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला. मी अंगणात आले, तर घागर भरलेली होती. गोळी नाही, कुणी पायऱ्या म्हणून घेतल्या नाहीत, तरी गाळणं दुहेरी होतं, घागरीवर जरा तिरकं बसलेलं. अंगणात पाणी सांडलं होतं, पण फार नाही. तो आडावर वाकून गाळणं विसळत होता. मला डॉक्टरबाई आठवल्या. एक रोजचं काम, त्या म्हणाल्या होत्या. हे त्याचं एक काम झालं होतं. आक्का आली, घागरीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्या हातचं आज देवाच्या घरात नको." आणि घागर उपडी केली. तिनं पुन्हा पाणी शेंदून, पुन्हा गाळून घेतलं. तो बाजूला उभा राहून बघत होता.

एस.टी.त तो खिडकीशी बसला. मागं असता तर निम्मं अंग बाहेर काढलं असतं. त्या दिवशी काढलं नाही.

गुरुकुल स्वच्छ आहे. तिथल्या गुरुजींचा स्वभाव बरा वाटला, मी मुद्दाम बोलून पाहिलं. गोळीचं सांगितलं, आण्णा चहाला गेला होता तेवढ्यात. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे आली की सगळी पोरं निवांत होतात, तुमी काळजी करू नका." मी डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. त्यांनी तो खिशात घातला.

मुलांच्या हौदाशी सम्मेद थांबला. कितीतरी दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"आत्या, हितं पानी कोन गाळतं?"

मला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणाले, "सैपाकघरातल्या बायका गाळतात बाळ. तुला न्हाई गाळायला लागत. पोरांनी तिकडं जायचंच न्हाई, तसा नेमच हाय."

त्यानं हौदात वाकून पाहिलं. मग पुन्हा वर बघून म्हणाला, "मग गाळण्यातलं जीव कुठं सोडत्यात?"

जेवणाची घंटा झाली होती. दिवस अजून बराच वर होता. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रांगेत नेऊन उभा केला.

ब्राह्मी